शिक्षेच्या बैठका

परभणीत भरतीची पोरं ओळखायला वेळ लागत नाही. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर जा. जिंतूर, पाथरी, पालमकडून येऊन खोली करून राहिलेली, बुटाचे तळवे झिजलेली आणि तोंडी एकच आकडा असलेली पोरं भेटतील: पाच-दहा. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की २० पैकी २० मार्क. १०० मीटर आणि गोळा धरून ग्राउंड ५० मार्कांचं. मीही त्यातलाच एक.

तुरी-हरभऱ्याच्या काढणीला गावी गेलो आणि ग्राउंड सुटलं. परत आलो तोवर एप्रिल लागला होता. त्या संध्याकाळी काही पोरं उशिरा आली म्हणून अकॅडमीच्या सरांनी सगळ्या बॅचला बैठका लावल्या. किती, ते सांगितलं नाही. 'मी थांब म्हणेपर्यंत' एवढंच. शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून, शिट्टीच्या तालावर खाली-वर. जमीन अजून तापलेली, पाण्याची बाटली पार कुंपणाजवळ. मांड्या थरथरायला लागल्या की मागून आवाज यायचा, "वर्दी पाहिजे का नाही?" या प्रश्नाला भरतीचं पोरगं 'नाही' कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पाय दुखले, त्याचं काही वाटलं नाही. मेहनतीनं अंग दुखतंच. पण पुढं मांड्या सुजून टणक झाल्या, पॅन्ट चढेना. संडासात बसलो तर भिंत धरूनही उठता येईना. आणि लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. खोलीतल्या पोरांनी लगेच निदान केलं, उन्हाळी लागली. आई फोनवर म्हणाली, "ऊन काय कमी हाय का? सब्जा भिजवून पी." पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना त्यांचं तरी काय चुकलं! एका दवाखान्यात दुखण्याची सुई मिळाली, वर काविळीची तपासणी करायचा सल्ला. लघवी मात्र आणखी कमी झाली.

शेवटी माझी भरती झाली ती हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी रक्त दाखवत होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसेनात. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "व्यायाम काय केलास?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मग सीपीकेची, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणाऱ्या घटकाची, तपासणी झाली. निरोगी माणसात हा आकडा साधारण २०० च्या आत असतो. माझा इतका निघाला, की लॅबवाल्याला नमुना पातळ करून पुन्हा मोजावा लागला.

रॅब्डोमायोलिसिस. सवय नसताना स्नायूवर अति ताण आला की त्याच्या पेशी फुटतात. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो, म्हणून तिथं धोका जास्त. फुटलेल्या पेशींतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं. लघवीचा रंग त्याचाच, आणि पट्टीनं रक्त म्हणून दाखवलं तेही तेच. पोटॅशियम बाहेर पडतं, ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. त्यात घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि दुखण्यावरची डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. तिथं स्नायू चेंगरले होते, माझे बैठकांनी फुटले.

उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन. बाटलीमागून बाटली. लघवी मापाच्या भांड्यात धरायची, आणि आई खिडकीच्या उजेडात तिचा रंग बघायची. भेटायला येणारा जो तो शहाळं नाहीतर केळी घेऊन यायचा, आणि सिस्टर ते दारातूनच परत पाठवायच्या, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आमच्या मामाला हे काही पटलं नाही. आजारी माणसाला शहाळं नको म्हणणारं हॉस्पिटल त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. डायलिसिसची वेळ आली नाही.

व्यायामाला मी दोष देत नाही. तालमीतले पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात, पण तो आकडा महिनोन्‌महिने चढवत नेलेला असतो. खंडानंतर आलेल्या पोराला एका संध्याकाळी तिथवर रेटणं म्हणजे सराव नव्हे, मारच तो.

अकॅडमी चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, शिक्षा द्यायचीच असेल तर मैदान झाडायला लावा, बैठका लावू नका. आणि पोरांनो, व्यायामानंतर लघवी गडद झाली, तर दुखण्याची गोळी किंवा सुई न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता काय आणि किती व्यायाम केला ते आधी सांगा, आणि सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासायचं का, ते विचारा.