विकणे आहे

वर्तमानपत्र हातात पडले की कुणी अग्रलेख वाचतो, कुणी क्रिकेट वाचतो. मी आधी छोट्या जाहिराती वाचतो. तीन-चार ओळींत माणसे केवढाले संसार आवरून टाकतात याचे मला नेहमी नवल वाटते. 'शिवणयंत्र विकणे आहे.' 'सागवानी पाळणा, एकाच मुलाने वापरलेला.' एका ओळीवरून आपण उगीचच त्या घरात शिरतो आणि दुसरे मूल का झाले नाही याची काळजी करीत बसतो.

मोटारींच्या जाहिरातींत तर एक शब्द हटकून भेटतो : 'कमी चाललेली'. हा मोठा गमतीचा गुण आहे. बैलाच्या बाजारात 'बैल फार कमी चाललेला आहे हो' असे कुणी ओरडला, तर गिऱ्हाईक तिथून काढता पाय घेईल. घोडा, सायकल, शाळामास्तर, साऱ्यांची किंमत चालण्यावर. मोटारीची मात्र न चालण्यावर! हा उलटा न्याय कुठून आला, असा विचार मी अधूनमधून करीत असे. पण तो विचार उत्तरापर्यंत कधी पोहोचला नव्हता. यंदा तशीच एक जाहिरात लिहून देण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा त्याचा उलगडा झाला.

अकलोली म्हटले की लोकांना गरम पाण्याची कुंडे आठवतात. वज्रेश्वरीचे दर्शन घ्यायचे, तानसेच्या काठी आमच्या कुंडात पाय सोडून बसायचे, गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपुढे डोके टेकायचे आणि दिवेलागणीला परतायचे, हा मुंबई-ठाण्याच्या मंडळींचा ठरलेला क्रम. सांधे धरलेल्या एका इंजिनिअर गृहस्थांनी या पाण्यासाठी इथे छोटा बंगला बांधला. ते आता नाहीत. पंच्याऐंशीच्या घरातल्या त्यांच्या पत्नी आहेत, परदेशी स्थायिक झालेला मुलगा आहे आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लाल एम.जी. आहे. मुलाने गाडी विकायचे ठरवले. इंग्रजी जाहिरात त्याने स्वतः लिहून पाठवली. मराठी मजकुरासाठी बाईंनी मला बोलावणे धाडले.

गाडी १९४९ ची, टी.सी. जातीची. दोन माणसांपुरती जागा, तारांच्या आऱ्यांची एकोणीस इंची उंच चाके, बाहेर काढलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे, आणि हवे तर पुढे आडवी पाडून ठेवता येणारी समोरची काच. इंजिन १२५० सी.सी.चे, ५४ अश्वशक्तीचे. आजची साधी घरगुती मोटारसुद्धा तिला मागे टाकील. पण दुसरे महायुद्ध संपल्यावर कर्जबाजारी झालेल्या इंग्लंडने जी चिमूटभर ऐट परदेशी विकून डॉलर मिळवले, त्यात या गाडीचा वाटा मोठा होता. तिथे त्या काळी पोलाद मोजून मिळे, आणि जो कारखाना माल निर्यात करील त्याला ते आधी मिळे. १९४५ ते १९४९ या अवधीत अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. त्यांतली एक मुंबईच्या बंदरात उतरली आणि आमच्या इंजिनिअरसाहेबांच्या नजरेत भरली.

त्यांनी ती घेतली ते वेळेवरच घेतली म्हणायचे. १९५३ साली सरकारने ठरवले की, ज्यांना हळूहळू सगळे भाग इथेच तयार करायचे असतील त्यांनीच या देशात मोटारी जुळवाव्यात. शिवडीला १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने लवकरच गाशा गुंडाळला. परदेशी मोटार ही बाजारातली वस्तू राहिली नाही. तेव्हा जिच्यापाशी एम.जी. होती, तिला दुसरी एम.जी. मिळणार नव्हती आणि तिचा सुटा स्क्रूसुद्धा सहजी मिळणार नव्हता. मोडले तर चोर बाजार पालथा घाला, नाहीतर कुर्ल्याच्या एखाद्या लेथवाल्यापुढे जुना भाग ठेवून 'असाच दुसरा करून दे' म्हणा. आपल्याकडे ज्या थोड्या जुन्या गाड्या जपल्या गेल्या, त्या हौसेइतक्याच अशा नाइलाजानेही जपल्या गेल्या.

आणि मूळ कारखान्याचे काय झाले? ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला तो होता. १९८० साली बंद पडला. नाव तेवढे या हातातून त्या हातात फिरत चिनी कंपनीकडे गेले, आणि २०१९ पासून त्याच नावाच्या मोटारी गुजरातेत हालोलला तयार होऊ लागल्या. एम.जी.ची श्रीमंत शेजारीण जग्वार, ती २००८ साली आपल्या टाटांकडे आली. एकेकाळी ज्यांच्या गाड्यांकडे आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होतो, त्यांची नावे आता आपल्या आणि चीनच्या जमाखर्चात आहेत. गाडी मात्र होती तिथेच उभी आहे, अकलोलीच्या शेडमध्ये.

उभी आहे, हे मात्र मी चुकीचे बोललो असे ड्रायव्हरकाका म्हणतील. "गुरुजी, उभी राहिली असती तर कधीच मेली असती," हे त्यांचे मला पहिल्याच दिवशी ऐकवलेले वाक्य. काका सत्तरी ओलांडलेले. १९८५ साली साहेबांचे गुडघे पार गेले आणि क्लच दाबणे जमेना, तेव्हापासून गाडी काकांच्या हाती आहे.

मग त्यांनी मला उभ्या गाडीचे मरण समजावून दिले. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते आणि आतल्या नळकांड्यांना गंज चढतो. पेट्रोल साचून राहिले की त्याचा डिंक होतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. कातडी बैठकीवर श्रावणात बुरशी धरते. उंदीर वायरी कुरतडतात. आणि सगळ्यात मोठी धास्ती वाळवीची. कारण या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला आहे! ॲश नावाचे ते विलायती लाकूड आमच्या कोकणपट्टीच्या वाळवीला खास पाहुणचार वाटले असते. त्यातून हे गरम कुंडांचे गाव. कुंडात उतरताना शहाणा माणूस चांदीची अंगठी काढून ठेवतो, कारण गंधकाने ती काळवंडते. मग तांब्याच्या वायरींची टोके कशी सुटतील? काका ती महिन्याला पुसतात. अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. आपल्याच उसाचा तो प्रसाद. पण जुन्या रबराला तो मानवत नाही. काकांनी पेट्रोलच्या नळ्या बदलून घेतल्या आणि टाकीत पेट्रोल जरुरीपुरतेच ठेवू लागले.

एवढे करूनही गाडी चालवावी लागतेच. पावसाळ्याचे चार महिने शेडमध्येच इंजिन सुरू करायचे. बाकीचे आठ महिने दर पंधरवड्याला सकाळी उजाडता उजाडता गणेशपुरीच्या रस्त्याने थोडी दौडवून आणायची. आमच्याकडच्या खड्ड्यांची कीर्ती भिवंडी ओलांडून गेलेली आहे. काकांना त्यातला एकेक खड्डा नावानिशी ठाऊक. आईने ठेवणीतला शालू वर्षातून एकदा उन्हाला घालावा आणि घडी बदलून पुन्हा ठेवावा, तसा हा प्रकार. घडी बदलली नाही तर शालू घडीवरच फाटतो. 'कमी चाललेली' या दोन शब्दांमागे असे कुणीतरी घड्या बदलीत बसलेले असते, हे जाहिरातीत कुठे येते?

अर्थात हा मान सगळ्यांच्या नशिबी नसतो. कुर्ल्याला तयार झालेली आपली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. तिने मुंबईची बाळंतपणे केली, वऱ्हाडे नेली, शेवटच्या लोकलला चुकलेली माणसे घरी पोहोचवली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. २०२३ च्या ऑक्टोबरात नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. जी राबली ती भंगारात गेली, आणि जी राबली नाही तिला हौशी लोक शोधत येतात. २०२१ पासून तर सरकारनेही पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्ही.ए.' अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली : नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे; मिरवायला, प्रदर्शनाला न्या, दुरुस्तीला न्या, पण रोजच्या कामाला जुंपू नका. काकांनी हे ऐकून विचारले, "म्हणजे पेन्शन?" मी म्हटले, "पेन्शनच. फक्त ती आपण सरकारला द्यायची."

हे सारे झाले. पण 'कमी चाललेली' याला पुरावा काय? माईल दाखवणारे यंत्र मागे फिरवता येते हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते. तेव्हा काकांनी शेडच्या फळीवरून चार वह्या काढल्या. खाकी कव्हर घातलेल्या, दोरीने बांधलेल्या. चाळीस वर्षांतली प्रत्येक फेरी त्यांत होती. तारीख, निघतानाचा आकडा, परततानाचा आकडा, मैल, तेल, शेरा. 'डावे मागचे चाक आवाज करते.' 'साहेब गेले. आज फक्त इंजिन सुरू केले.'

मुलाची इच्छा, वह्यांचा गोषवारा जाहिरातीबरोबर जावा. मी चार संध्याकाळ बेरजा केल्या. काकांनी गाडी हाती घेतली तेव्हा आकडा १८,३०४. आज २०,१८६. फरक १,८८२ मैल. वर्षाला सरासरी सत्तेचाळीस! माझी बेरीज जुळत आली होती, तोच काका खाकरले. "गुरुजी, दुसऱ्या वहीतलं एक पान गाळलं तर चालेल?"

मी ते पान काढले. मार्च १९९८. 'सात मैल. स्वतःच्या कामासाठी. पेट्रोलचे पैसे डब्यात ठेवले.'

ते काम मला वहीत वाचायची गरज नव्हती. त्यांची मुलगी माझ्याच वर्गातली. दहावीच्या पहिल्या पेपरला एस.टी. आली नाही, आम्ही मुले एका टेम्पोत कोंबून गेलो. ती मागे राहिली. आणि आम्ही केंद्राच्या फाटकाशी उतरतो आहोत तोच ही लाल गाडी, काच आडवी पाडलेली, येऊन उभी राहिली. पॅड छातीशी धरून ती उतरली. आमच्यातल्या निम्म्यांना मराठीच्या पेपरात काय आले होते ते आज आठवणार नाही. पण ती उतरली कशी, ते सगळ्यांना आठवते.

"मालकाशिवाय कुणी चालवली नाही, असं धाकट्या साहेबांनी इंग्रजीत लिहिलंय म्हणे," काका म्हणाले. "उगीच त्यांचा शब्द खोटा पडायचा."

मी त्यांना बेरीज दाखवली. ते पान गाळले तर वह्यांची बेरीज १,८७५ होते आणि यंत्र १,८८२ दाखवते. सात मैल कुठे गेले, असे गिऱ्हाईक विचारणार. आणि सातांचा हिशेब लागला नाही तर अठराशेंवरचाही विश्वास उडणार. काका गप्प बसले. बाई पलीकडे वेताच्या खुर्चीत होत्या. झोपल्या आहेत असे आम्हांला वाटत होते.

"ह्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "डब्यात पैसे कुणी ठेवले म्हणून मी विचारलं, तर हे म्हणाले, मुलगी पास झाली की समजेल. ते पान ठेवा गुरुजी. आणि मुलाला कळवा, त्याची ओळ बदल म्हणावं."

ओळ बदलली. मराठी जाहिरात मी अशी लिहिली : 'एम.जी. टी.सी., १९४९, लाल. २०,१८६ मैल, चाळीस वर्षांचा लेखी हिशेब उपलब्ध. पंधरवड्याला एकदा बाहेर काढण्याची तयारी असणाऱ्यांनीच लिहावे. विकणे आहे.'

नवरात्रात ठाण्याचे एक गृहस्थ पाहायला आले. वह्या त्यांनी तासभर वाचल्या. मार्च १९९८ च्या पानावर थोडे थांबले, हसले, पुढे गेले. किंमत शेवटी विचारली, आधी विचारले ते हे : "पावसाळ्यात इंजिन किती दिवसांनी सुरू करता?" काकांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. व्यवहार ठरला. गाडी दिवाळीनंतर जायची आहे.

जुन्या वह्या काका आपल्याजवळ ठेवणार आहेत. गृहस्थांना छापील प्रती मिळाल्या. मात्र परवा काकांनी वाण्याकडून शंभर पानी नवी वही आणली, खाकी कव्हर घातले आणि माझ्याकडून पहिल्या पानावर रकाने आखून घेतले. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा घातला, २०,१८६, आणि तारखेची जागा कोरी ठेवली.