हवेचं काय करायचं?

हाताने काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे, असं मी आयुष्यभर सांगत आलो. महाविद्यालयात शिकवत होतो तेव्हा श्रमप्रतिष्ठेवर भाषणं ठोकली, टाळ्याही घेतल्या. घरचा मिक्सर बिघडला की मात्र तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवायचा, 'किती घेशील?' म्हणायचं आणि तो सांगेल त्यातले शंभर रुपये डोळे झाकून कमी करायचे, हा माझा शिरस्ता. तो माझ्याहून फार लहान नाही. तरी मी अरे-तुरे करायचो आणि तो 'सर' म्हणायचा. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. म्हणजे मला वाटत नव्हतं. त्याला काय वाटतं हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

'नीट अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात पाने-पक्कड घेऊन बसावं लागेल.' हे वाक्य मी वडिलांकडून ऐकलं आणि पुढे मुलीलाही जसंच्या तसं ऐकवलं. घरात स्क्रूड्रायव्हर होता, पण तो बहुतेक डबे उघडायला वापरला जायचा.

निवृत्तीनंतर कॉफीचा नाद लागला. चिकमगळूरकडची एस-७९५ जातीची कॉफी, धुऊन वाळवलेली वेगळी, फळासकट वाळवलेली वेगळी, असलं मी भेटेल त्याला ऐकवू लागलो. मग कुणीतरी कच्च्या बिया आणून दिल्या. कच्चं बी फिकट हिरवट आणि टणक असतं. नीट ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं. भाजलेलं मात्र काही आठवड्यांत उतरतं. म्हणून हवं तेव्हा, हवं तेवढं घरीच भाजायचं ठरवलं. मायकेल सिव्हेट्झ नावाच्या अमेरिकी रसायन अभियंत्याने गरम हवेच्या झोतावर बिया खेळत्या ठेवून भाजण्याचं पेटंट १९७६ मध्ये मिळवलं होतं. गरम हवेवर मक्याच्या लाह्या फोडणारं घरगुती यंत्र थोडंफार असंच चालतं, आणि परदेशातले हौशी लोक त्यातच कॉफी भाजतात. असं एक यंत्र मुलीच्या लहानपणापासून आमच्या माळ्यावर पडून होतं.

पहिला घाणा बघता बघता काळा पडला. दाताखाली धरलं तर बी आतून कच्चं. कच्च्या बीमध्ये दहा-बारा टक्के ओलावा असतो. तो सावकाश निघावा लागतो. मग रंग पिवळा होतो, नंतर तपकिरी, आणि २०० अंशांच्या आसपास बी तडतडू लागतं. या सगळ्याला आठ-दहा मिनिटं तरी द्यावीत. माझं यंत्र सगळा कारभार चार मिनिटांत उरकत होतं आणि मधेच गरम होऊन बंदही पडत होतं.

मी वाचन केलं आणि आकृती काढली. थर्मोस्टॅट काढायचा, त्याच्याजवळचा फ्यूज काढायचा आणि आच कमी-जास्त करायला वायरीत पंख्याचा रेग्युलेटर घालायचा. कागद, यंत्र आणि नवा कोरा रेग्युलेटर घेऊन दुकानात गेलो. म्हणालो, "एवढं जोडून दे. स्वतःचं डोकं लावू नकोस."

हे मी खरंच बोललो. आज लिहितानाही लाज वाटते.

त्याने कागद नीट वाचला, बाजूला ठेवला आणि यंत्राचे स्क्रू काढायला घेतले. मला वाटलं, कागद काही कळलेला दिसत नाही. आतून अभ्रकाच्या चौकटीवर गुंडाळलेली कॉइल निघाली आणि तिच्याखाली एक छोटी मोटर. मोटरच्या पाठीवर चार डायोड होते. त्याने मीटरच्या सुया इकडे-तिकडे टेकवल्या, एक बारीक कॉइल बोटाने दाखवली आणि विचारलं, "सर, हवेचं काय करायचं?"

मी म्हणालो, "कसली हवा?"

"ही मोटर लाइनवर चालत नाही. ही बारीक कॉइल व्होल्टेज खाते आणि उरलेलं मोटरला मिळतं. तुम्ही रेग्युलेटर कमी केला की आच कमी होईल, पण हवापण कमी होईल. दाणे खाली बसतील. तुम्हाला दाणे हलते पाहिजेत ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या क्षणी पहिल्यांदा आलं ते शहाणपण नव्हे, आला तो राग. मला प्रश्न विचारणारा हा कोण, असा राग. मी 'तिकडे सगळे असंच करतात' असं काहीतरी पुटपुटलो. तो वाद घालत बसला नाही. माझा रेग्युलेटर हातात घेऊन म्हणाला, "हा ऐंशी वॉटच्या पंख्याचा. हे बाराशे वॉटचं आहे." आणि तो परत माझ्या पिशवीत ठेवला.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्या दुकानात इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसलो असेन. कॉफीबद्दल मला शंभर गोष्टी ठाऊक होत्या, त्याला एकही नव्हती. तरीही बिया का जळतात हे त्याला कळलं होतं, आणि मला नव्हतं. कारण त्याने यंत्र उघडून पाहिलं होतं, मी फक्त त्याच्याबद्दल वाचलं होतं. ज्याला मी 'पार्ट बदलणारा' समजत होतो तो समोर बसून विचार करत होता, आणि विचार करणं हा माझा पेशा असल्याचा दाखला भिंतीवर लावून मी चाळीस वर्षं पगार घेतला होता.

पुढचं काम त्याच्या पद्धतीने झालं. मोटरला जुन्या लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर दिला, म्हणजे हवा स्वतंत्र झाली. मोठ्या कॉइलसाठी दणकट रेग्युलेटर आणला. थर्मोस्टॅट त्याने काढला, पण फ्यूज काढायला साफ नकार दिला. "जास्त अंशाचा टाकतो. पण घरात वापरायच्या वस्तूतून फ्यूज काढणार नाही, तुम्ही सांगितलं तरी." शिवाय भंगारातल्या एका स्टॅबिलायझरचा रिले मध्ये घातला. मोटरला वीज नसेल तर कॉइललाही मिळत नाही. हे मी मागितलं नव्हतं. माझ्या आकृतीत ही शक्यताच नव्हती.

वर कंदिलाची काच बसवली, ती कल्पना मात्र माझी. काचेतून बिया गरगरताना दिसतात, सालपटं उडून वर धरलेल्या चाळणीत अडकतात. आच हळूहळू वाढवत नेली की पंख्याच्या घरघरीतही बियांचं तडतडणं ऐकू येतं. शंभर ग्रॅम घातलं तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतं. पहिला बरा घाणा दोन दिवस मुरवून, दळून, थर्मासमधून दुकानात नेला. त्याने एक घोट घेतला आणि विचारलं, "सर, साखर नाही का?"

आता मी 'तुम्ही' म्हणतो. सुरुवातीला जीभ अडखळायची, आणि त्यालाही अवघडल्यासारखं व्हायचं. कधीमधी तिथे बसून डाग द्यायला शिकतो. माझे जोड सुटतात. तो न बोलता पुन्हा करतो.

पण खोड गेली म्हणावं तर मागच्या महिन्यात जुने सहकारी घरी आले होते. बाल्कनीतलं यंत्र पाहून एकाने विचारलं, "हे तू केलंस?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी सावरून खरं काय ते सांगितलं: प्रश्न कुणी विचारला, रिले कुणी घातला. सहकारी लक्षपूर्वक ऐकत होता. माझं सांगून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "किती घेतले त्याने?"

मी आकडा सांगितला.

"जास्त घेतले," तो म्हणाला. "शंभर तरी सहज कमी झाले असते."