काही चावलं होतं का?

२०१९ चा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. सुट्टी लागल्या लागल्या माझी आठ वर्षांची नात मुंबईहून झाईला आली, ती हातात एक पिंजरा घेऊनच. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, एक लहानसे चाक, उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि भुशात गाडून घेतलेला मूठभर आकाराचा बदामी रंगाचा जीव. क्रॉफर्ड मार्केटातून तिच्या अब्बांनी आणून दिलेला. नाव ठेवले होते बादाम.

आमच्या ह्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "उंदीर आहे हा."

"उंदीर नाही नाना, हॅमस्टर आहे."

"शेपूट तोकडी केली म्हणून काय झालं? जात तीच."

आमच्या घरात उंदरावर प्रेम कोणाचेच नाही. चिकूच्या वाडीत पिकायला घातलेली फळे तो कुरतडतो. बंदरावर बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत घातले की त्या वासाने गावभरचे उंदीर तिकडे धावतात आणि पावसाळा लागला की तेच आमच्या माळ्यावर येतात. शिवाय ह्यांच्याजवळ हदीसचा आधार होता. उंदराची गणना त्रासदायक प्राण्यांत केलेली आहे आणि रात्री दिवे विझवून झोपा, नाहीतर हा लहानसा उपद्रवी वात ओढून नेऊन घर पेटवील, अशी ताकीदही आहे. मी त्यांना दुसऱ्या हदीसची आठवण करून दिली. मांजर कोंडून ठेवून तिला ना खायला दिले, ना मोकळे सोडले, त्या बाईच्या नशिबी काय आले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पिंजऱ्यात ठेवलाच आहे तर त्याचे दाणापाणी आपल्यावर आले. मी काही मुफ्ती नाही. पण तेवढ्यावर बादाम ओसरीवर राहिला.

दिवसभर तो झोपे. जाग येई ती मगरिबनंतर. मग रात्रभर चाकाची घरघर. सेहरीला उठले की घरात आम्ही दोघे आणि तो, असे तिघेच जागे असायचो. मला त्याची सवय होऊ लागली होती.

दहाव्या-अकराव्या रोज्याच्या सुमारास नातीने उजव्या हाताने जेवणे सोडले. डाव्या हाताने खाते म्हणून मी रागावले, तर ती गप्प. झोपेत तिचा हात उघडा पडला तेव्हा दिसले की तर्जनीला फडक्याची चिंधी गुंडाळली आहे. चिंधी सोडली. बोटाच्या पेरावर दोन बारीक खोल भोके, भोवती लाल सूज, हात लावला की गरम. दोन दिवस तिने ते लपवले होते. सकाळी विचारले तेव्हा रडत रडत पहिले वाक्य निघाले ते असे, "नानी, बादामला टाकून देणार नाहीस ना?"

दुखते का, हे नंतर. जनावर घरात राहील का, हे आधी.

मग कथा कळली. इफ्तारीला खजूर खाल्ला, हात न धुताच पिंजऱ्यात घातला. तो झोपेतून नुकता उठलेला. हॅमस्टरची नजर अधू असते, जग त्याला नाकाने कळते. बोटाला खजुराचा वास, म्हणजे त्याच्या हिशेबी ते खजूरच. त्याने दात रोवले. पोरीने किंचाळून हात झटकला, तसा तो आणखी घट्ट लोंबकळला आणि मग पिंजऱ्याच्या तारांवर जाऊन आदळला. चावा लागल्यावर हात झटकू नये, जमिनीवर किंवा पिंजऱ्याच्या तळाशी टेकवावा, पायाखाली काही लागले की तो बहुतेक वेळा आपणच सोडतो, हे आठ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? विकणाऱ्याने सांगितले नव्हते. आम्हांलाही माहीत नव्हते. ह्या जातीचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावे लागते आणि म्हणूनच ते छिन्नीसारखे धारदार राहतात. जखमेचे तोंड बारीक, पण खोली पुष्कळ. वरून कातडी मिटते आणि आत घाण राहते.

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे उत्तरेकडचे शेवटचे गाव. पुढे गुजरात. उंबरगाव १९६० पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते, मग तिकडे गेले. पण दुखलेखुपले की माणसे पूर्वीसारखीच तिकडे जातात. आम्हीही पलीकडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट धुतले, दाबून पाहिले, धनुर्वाताच्या लसीची चौकशी केली. पाच वर्षांची असताना दिलेला डोस आईच्या फाइलीत होता, फोनवरून खात्री करून घेतली. सुजेवर प्रतिजैविक लिहून दिले. कुत्रा चावल्यावर देतात ती इंजेक्शने लागतील ह्या धास्तीने पोर अर्धी झाली होती. ते हसले. घरात पाळलेल्या अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्याच्या चाव्यासाठी ती सहसा लागत नाहीत म्हणाले. मात्र चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम चांगली दहा-पंधरा मिनिटे धुवायला हवी होती, चिंधी गुंडाळायला नको होती, हे तिला त्यांनी दोनदा ऐकवले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, सांधे दुखले, अंगावर लाल चट्टे उठले तर लगेच घेऊन या. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी चावा सांगा. जखम भरून गेलेली असते, म्हणून लोक सांगतच नाहीत."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. मला वाटले ते नातीसाठी आहे.

आमच्या शेजारच्या वाडीत चिकू उतरवायला एक वारली जोडपे येते. जाळी लावलेल्या लांब बांबूने बाई फळ इतके अलगद काढते की देठाचा चीक फळावर सांडत नाही. तिचा धाकटा मुलगा सहा-सात वर्षांचा. दिवसभर झाडाखाली हुंदडणारा तो पोरगा चार दिवस दिसला नव्हता. विचारले तर म्हणाली, ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मलेरियासाठी रक्त तपासून झाले, त्यात काही निघाले नाही.

मी एकतीस वर्षे तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. इतक्या वर्षांत तापलेली पोरे काही थोडी पाहिली नाहीत. मलेरिया, पावसाळ्यात लेप्टो, काविळी. त्या दिवशी मात्र तोंडून प्रश्न निघाला, "काही चावलं होतं का?"

"नाही बाई."

मी त्यांच्या झोपडीवर गेले. कारवीच्या कुडाची भिंत, कोपऱ्यात भाताची कणगी, खाली चटईवर पोरगा. पाय पाहिले. डाव्या अंगठ्याच्या बाजूला जुन्या जखमेचा व्रण, आणि भरलेला तो व्रण पुन्हा लालजांभळा फुगलेला. जांघेत गाठ आलेली. हे काय म्हणून विचारले, तर आई सहज म्हणाली, "तो तर उंदीर. पंधरा दिवस झाले. बरा झाला तो."

तिने काही लपवले नव्हते. उंदीर चावणे ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे तिला वाटलेच नव्हते. कणगीत भात, म्हणून घरात उंदीर. पोराच्या पायाला सुक्या मासळीचा वास, म्हणून उंदीर पायाशी. उंदीर फुंकर घालून चावतो, झोपलेल्याला कळत नाही, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. फुंकर वगैरे काही नसते. दमून झोपलेल्या पोराला कळत नाही, एवढेच खरे.

इथे मला माझ्याबद्दल लिहिले पाहिजे. शाळेत अशी बोटे मी कितीतरी पाहिली होती. सकाळी रांगेत एखादे पोर लंगडत यायचे. विचारले की म्हणायचे, उंदीर चावला. मी आयोडीन लावून वर्गात बसवायची. पुढे दोन-तीन आठवड्यांनी ते तापाने गैरहजर राहिले तर हजेरीवर फुली. फुली आणि अंगठा ह्यांचा मेळ मी कधी घातला नाही. माझ्या नातीच्या बोटाला दोन भोके पडली तेव्हा मी भर उन्हात, रोज्यात, राज्याची हद्द ओलांडून गेले. तिला पोटाशी धरून गाडीत बसले असताना त्या पोरांपैकी एकाचीही आठवण मला आली नव्हती.

त्याच संध्याकाळी पोराला आणि आईला घेऊन पुन्हा पलीकडे गेलो. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, गाठ चाचपली, तळवे उलटून पाहिले. म्हणाले, प्रयोगशाळेतून सिद्ध करणे अवघड आहे, पण चित्र उंदीरचाव्याच्या तापाचे आहे. पेनिसिलिन सुरू केले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो परत आला नाही.

ह्या तापाविषयी मी नंतर वाचले. त्याचे दोन प्रकार. एकात चाव्यानंतर बहुधा तीन ते दहा दिवसांत ताप येतो. दुसऱ्यात जखम भरून जाते, माणूस विसरतो आणि एक ते तीन आठवड्यांनी ती पुन्हा चिघळून ताप चढ-उतार करू लागतो. आशियात हा दुसरा प्रकार आढळतो. जपान्यांनी त्याला सोडोकू म्हटले आहे, म्हणजे उंदराचे विष. (आकड्यांचे कोडे वेगळे, त्याच्याशी ह्याचा संबंध नाही.) त्याच्या नागमोडी जंतूचे वर्णन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात असलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्या नावावर आहे, साल १८८८. शरीररचनेचे जगप्रसिद्ध 'ग्रेज अॅनाटॉमी' ज्यांच्या चित्रांनी सजले तेच हे कार्टर. औषध साधे पेनिसिलिन. वेळेवर न मिळाल्यास माणूस दगावू शकतो, हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. मुंबईत कळलेली गोष्ट तलासरीच्या एका मास्तरणीपर्यंत पोहोचायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि तीही क्रॉफर्ड मार्केटातल्या पिंजऱ्यातून.

ह्यांनी मात्र त्या वाचनातून वेगळीच गोष्ट उचलली. पाळीव सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सारे शामच्या मुलखातल्या हलब शहराजवळ १९३० साली जमिनीतून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. खणताना ती मादी इतकी भेदरली, की तिने आपल्याच एका पिल्लाचा जीव घेतला. हलबचे नाव ऐकून हे बराच वेळ गप्प होते. त्या शहराचे युद्धात काय झाले हे टीव्हीवर आम्ही पाहिलेले. तरावीहहून आल्यावर ओसरीवर थांबून म्हणाले, "हलबचा आहे तर." तेव्हापासून बादामला सूर्यफुलाचे दाणे तेच घालू लागले. उंदीर म्हणणे मात्र सोडले नाही.

नातीचे आणि माझे काही नियम ठरले. झोपलेल्याला उठवायचे नाही. आधी आवाज द्यायचा. हात साबणाने धुऊनच आत घालायचा आणि वरून झडप घालायची नाही, वरून येते ती घारच असते असे त्याला वाटते. हात उघडा ठेवायचा, तो आपणहून येईल तेव्हा येईल. पिंजरा साफ करताना त्याला वाटीत घेऊन उचलायचे. आणि चावला तर त्याच मिनिटाला नानीला सांगायचे. ह्या शेवटच्या अटीच्या बदल्यात मला शब्द द्यावा लागला, की चावला म्हणून बादामला कोणी घराबाहेर काढणार नाही. ह्यांनाही तो द्यायला लावला. त्यांनी तोंड वाकडे करून दिला.

वारली आईशी असला करार करता येत नव्हता. तिच्या घरातला उंदीर काही तिने पाळलेला नव्हता. कणगीखाली विटा घालून ती उंच केली, पोराला झोपायला आमची एक जुनी खाट दिली, झोपताना पाय धुवायला सांगितले. वाडीवरच्या बायांना जमवून आशाताईंना बोलावले आणि चावल्यावर काय करायचे ते सांगितले. बाया ऐकत होत्या, हसतही होत्या. उंदीर चावला म्हणून इस्पितळात जायचे, ह्या कल्पनेचेच त्यांना हसू येत होते.

ईदच्या दिवशी पोरगा शीरखुर्मा खायला आला. अंगात नवा शर्ट. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून त्याने बराच वेळ पाहिले आणि नातीला विचारले, हा केवढ्याला मिळतो. तिने आकडा सांगितला. तो खो खो हसत सुटला. त्यांच्याकडे भात कापल्यावर पोरे बांधावरची बिळे उकरून उंदीर धरतात, ते काय पैसे देऊन?

नातीला ते आवडले नाही. तिने त्याला मोरीवर नेऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, वुजू करावा तसे. मग पिंजऱ्याचे दार उघडून म्हणाली, "हात असा ठेव. हलू नको."

त्याने तळहात पसरला. बादाम भुशातून वर आला, नाक फुरफुरवत बोटे हुंगली, थबकला, मग चढून तळहातावर बसला. पोराने श्वास रोखून धरला होता. चेहरा हसरा होता. डाव्या पायाचा अंगठा मात्र त्याने आत दुमडून घेतला होता.