एका वेळी एकच

आमच्या घरात ‘चालू होत नाही’ हे तीन शब्द कुणी उच्चारले, की सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळतात. मग तो आईचा मिक्सर असो, शेजाऱ्यांचा पंखा असो, नाहीतर बदलापुरातल्या आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप असो. बाबा अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पण बंद पडलेले यंत्र समोर आले, की त्यांचा चेहरा कसा प्रसन्न होतो!

या नियमाला घरात एकच अपवाद होता, तो म्हणजे माझा कॉम्प्युटर. “ते तुझं खातं,” असे बाबा म्हणत. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. तेव्हा हे खाते आपसूकच माझ्याकडे चालत आले, आणि मीही ते ऐटीत मिरवीत होते. ती ऐट गेल्या डिसेंबरातल्या एका रात्री कशी उतरली, त्याची ही हकीकत.

कॉम्प्युटर जुनाच आहे. कुठल्याशा कचेरीतून निघालेला, बारावीनंतर आम्ही घेतलेला. त्यावर मी लोकांचे मराठी टायपिंग करते. लग्नाचे बायोडाटे, सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, अर्ज. पानामागे वीस रुपये मिळतात, त्यात रेल्वेचा पास निघतो. यंदा आपल्या वार्षिकाच्या विद्यार्थी-विभागाचे टायपिंग सरांनी माझ्याकडे सोपवले. कोण आनंद झाला म्हणून सांगू! पण आमचे यंत्र इतके मंद झाले होते, की अक्षर दाबावे, चहाचे आधण ठेवून यावे, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटलेले दिसावे. त्याची मेमरी होती अवघी ४ जी.बी. ती वाढवायची असे मी ठरवले. आई उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे लोंबते धागे कापण्याचे काम घरी घेते. त्यातून भरलेल्या भिशीचे पैसे नुकतेच हाती आले होते. त्यातले सहाशे रुपये तिने काढून दिले, आणि एवढेच विचारले, “तुला जमेल ना गं?”

“त्यात काय आहे?” मी म्हटले.

उल्हासनगर हे आपल्या सर्वांच्या ओळखीचे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. छावणी जाऊन इतकी वर्षे झाली, तरी लोक अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. तिथल्या एका गाळ्यात जुने सुटे भाग मिळतात असे कळले होते. मी ऐटीत सांगितले, “डी.डी.आर. थ्री, चार जी.बी.” दुकानदारांनी डब्यातून एक पट्टी काढून दिली. खाच जुळते ना, हे मी मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिले. जुळत होती. मी निघाले.

घरी येऊन प्लग काढला, डबा उघडला, जुन्या पट्टीशेजारच्या खोबणीत नवी बसवली आणि बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. पण पडदा मात्र काळा तो काळाच! आणि आतून ‘बीप, बीप, बीप’ असा एकसारखा आवाज. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतो. मेमरी हाती लागली नाही तर पडद्यावर काही दाखवणेही त्याला जमत नाही, म्हणून तो असा ओरडतो. हे मला आज माहीत आहे. त्या संध्याकाळी ते ओरडणे माझ्याच नावाने चालले आहे असे वाटले.

मग मी जे जे सुचेल ते केले. पट्ट्यांची अदलाबदल केली, दोन्ही काढल्या, पुन्हा घातल्या. मॉनिटरची वायर बदलली. डिस्कची केबल उपसून परत खोचली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलसुद्धा काढून बसवला. दोन तास गेले. आता घाम फुटला तो निराळ्याच कारणाने. आपल्या वार्षिकाची ४१ पाने त्या डब्यात होती, सोमवारी ती द्यायची होती, आणि एका मैत्रिणीने वहीतून फाडून दिलेल्या कवितांची पाने टाइप झाल्यावर मी खुशाल रद्दीत टाकली होती. मेमरी काढली-घातली म्हणजे आतले सगळे पुसले तर गेले नसेल? मी आईकडे पाहिले. ती मुकाट्याने धागे कापत होती.

पावणेबाराच्या सुमारास बाबा सेकंड शिफ्ट करून आले. अंबरनाथ ते बदलापूर म्हणजे एका स्टेशनाचा प्रवास, पण त्या वेळी माणूस पार आंबून येतो. त्यांनी हातपाय धुतले आणि जमिनीवर पसरलेला माझा संसार पाहिला.

“काय झालं?”

“चालू होत नाही,” मी म्हटले. माझ्या खात्यात हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले होते.

ते रागावले नाहीत. शेजारी मांडी घालून बसले. “दुपारी चालत होता?”

“हो.”

“मग त्यानंतर कशाकशाला हात लावलास? क्रमानं सांग.”

मी सांगू लागले आणि पाचव्या-सहाव्या गोष्टीशी अडखळले. आधी वायर बदलली की सेल काढला, ते मलाच आठवेना.

“लिहून नाही ठेवलंस?”

अर्थशास्त्राची वही जवळच पडली होती. बाबांनी तिचे शेवटचे पान उघडून दोन रकाने आखले. एकावर ‘काय केले’, दुसऱ्यावर ‘काय झाले’ असे लिहिले. बाबांची सही मी शेकडो वेळा पाहिली आहे. त्यांचे अक्षर इतक्या जवळून बहुधा त्या रात्रीच पाहिले.

“मशीन बंद पडलं की आधी जिथं चालत होतं तिथं मागं न्यायचं,” ते म्हणाले. “मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तरी कशानं झालं ते कळत नाही. आणि नाही झालं, तर गुंता दुप्पट.”

डब्याला त्यांनी हात लावला नाही. “हात तुझे, बॅटरी माझी,” म्हणून टॉर्च धरून बसले. मी प्लग काढला, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरले, अंगावरची स्थिरविद्युत निघून जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला बोटे टेकवली. नवी पट्टी काढली. जुनी तिच्या मूळच्या खोबणीत बसवली. बटण दाबले. बीप, बीप, बीप.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाबा मात्र म्हणाले, “छान! म्हणजे नव्या पट्टीचा दोष असेल-नसेल, तुझ्या हातून आणखी काहीतरी हललंय. लिही.”

टॉर्चच्या उजेडात ते कळले. खोबणीच्या एका टोकाचा खटका पुरता मिटला नव्हता. पट्टी एका बाजूने केसभर वर राहिली होती. शिवाय तिच्या सोनेरी दातांवर माझ्या बोटांचे डाग पडले होते. खोडरबराने ते हलके पुसले, भुगा झटकला आणि दोन्ही टोकांवर सारखा जोर दिला. टक्. टक्. बटण दाबले. एकच लहानशी शिट्टी वाजली आणि पडदा उजळला! तारीख-वेळ चुकली आहे, ती भरा, अशी तक्रार त्याने केली. ती मी सेल काढल्याची शिक्षा. पण ४१ पाने जागच्या जागी होती. कवितासुद्धा.

मला तिथेच थांबावेसे वाटत होते. बाबा थांबेनात. जुनी पट्टी दुसऱ्या खोबणीत घातली, चालली. म्हणजे खोबण ठीक. त्याच खोबणीत नवी एकटी घातली, नाही चालली. तीन ओळी लिहून झाल्या आणि दोष कुणाचा ते आपोआप कागदावर आले.

मग बाबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. इंग्रजी ते एकेक अक्षर लावून वाचतात. “हिच्या नंबराच्या शेवटी यू आहे, आणि हिच्या शेवटी आर. का?”

“असेल काहीतरी कंपनीचं,” मी म्हटले.

“उगाच नसतं. ६२०३ बेअरिंगच्या पुढं झेडझेड असलं तर पत्र्याचं झाकण, टूआरएस असलं तर रबराचं. मापाला दोन्ही सारखीच बसतात.”

बाबांचा तर्क अचूक निघाला. आरची पट्टी ‘रजिस्टर्ड’, म्हणजे मोठ्या सर्व्हर यंत्रांसाठी केलेली. तिच्यात मदरबोर्ड आणि मेमरीच्या चिपा यांच्यामध्ये आणखी एक चिप मध्यस्थासारखी बसवलेली असते. दाते तेच २४०, खाच त्याच जागी, म्हणून ती आमच्या खोबणीत बिनतक्रार बसते. पण साध्या यंत्राला तिच्याशी बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी ती पाहताच कपाळाला हात लावला. “बेटी, सर्व्हर में डालना है या घर के पीसी में, ये मैंने पूछा ही नहीं.” मीही कुठे सांगितले होते? शंभर रुपये वर घेऊन त्यांनी यूची पट्टी दिली. ती घरी एकाच दमात चालली. तेही रकान्यात लिहिले.

नंतर मी या विषयावर थोडे वाचले आणि माझ्या त्या रात्रीच्या भीतीचे मलाच हसू आले. डिस्क म्हणजे फडताळ आणि मेमरी म्हणजे ओटा. ओट्यावर फक्त चाललेले काम असते. वीज गेली की ओटा रिकामा, फडताळ जसेच्या तसे. आजची ही मेमरी ज्या कल्पनेवर चालते तिचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. तिच्यातला एकेक कण म्हणजे विजेचा इवलासा साठा. तो सतत झिरपतो, म्हणून सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या आपल्या घोकंपट्टीची गत याहून काय वेगळी? त्याआधीची मेमरी मात्र निराळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या देशात घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला. त्याच्या मेमरीत तारांत ओवलेली बारीक चुंबकीय कडी होती. वीज गेली तरी तसली कडी विसरत नसत.

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचे शिक्षण’ असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी ‘सातवी’ लिहिताना मी मागच्या मुलीला दिसू नये म्हणून हात आडवा धरला होता. पद्धतशीर विचार कसा करावा हे शिकायला आपण कॉलेजात येतो असे मी मानत होते, आणि ते खोटेही नाही. पण तो विचार आमच्या घरात पूर्वीपासून होता. रोज सकाळी किंवा दुपारी तो डबा घेऊन अंबरनाथला जात होता. यंदाही फॉर्मवर मी ‘सातवी’च लिहिले. हात आडवा धरला नाही.

त्या रात्री झोपायला जाताना बाबांनी शेवटचे विचारले होते, “ती पानं आणखी कुठं ठेवलीयस का?”

“नाही.”

“मग आत्ता ठेव. मग झोप.”

झोपेने डोळे मिटत असताना मी ४१ पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. त्यातली बरीचशी याच अंकात तुम्ही वाचत आहात. हा लेखही दोन ठिकाणी ठेवला आहे.