गप्प बसायचा नियम

कोड रिव्ह्यू नावाचा प्रकार आमच्या धंद्यात सगळ्यांनाच भोगावा लागतो. तुम्ही रात्र जागून चाळीस ओळी लिहिता आणि त्याखाली कुणीतरी शांतपणे लिहितो, "हे का?" मग आपली वकिली सुरू. क्लायंटनं असंच मागितलंय, जुनी सिस्टिम अशीच आहे, वगैरे वगैरे.

आमच्या नगरच्या गटात वकिलीला बंदी आहे. (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण माळीवाड्याला एसटीतून उतरताना तोंडात नगरच येतं.) महिन्यातल्या एका रविवारी सावेडीत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सहा-सात जण जमतो. एक नाटकवाला, एक शाळेतल्या बाई, पुण्याहून येणारा मी, असे. एकजण पटकथेतला एखादा सीन आणतो, दुसरा तो वाचतो, आणि पुढचा अर्धा तास लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. हा नियम मी आणला. गंमत म्हणजे तो मला सिनेमावाल्यांकडून नाही, संगणकवाल्यांकडून मिळाला. रिचर्ड गेब्रियल हा लिस्प भाषेतला मोठा माणूस, आणि कवीसुद्धा. कवी-कथाकारांच्या कार्यशाळेतली ही पद्धत त्यानं सॉफ्टवेअर पॅटर्न लिहिणाऱ्या मंडळींत रुजवली आणि २००२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कारण साधं आहे. सिनेमा चालू असताना लेखक काही प्रेक्षकाच्या शेजारी बसून समजावत नसतो.

असो. तर मागचा सीन. आमचा एक मित्र पाथर्डी तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये आपल्याच जिल्ह्यात सुरू झाला हे मला शाळेत शिकवलं होतं. त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू टोकाकडून माणसं गाड्या भरभरून ऊस तोडायला जातात, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

सीन असा: मुकादम उचल द्यायला घरी आलाय. उचल म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि उचल ठरते ती कोयत्यावर. नववीतला मुलगा बापाला सांगतो, मी या वर्षी येणार नाही, शाळा शिकणार. पुढे बापलेकाचे दोन पानं संवाद. कर्ज, शिक्षण, पिढ्या, सगळं.

वाचून झालं आणि सगळे अवघडले. हे त्याचं स्वतःचं घर आहे हे प्रत्येकाला ठाऊक. "संवाद लांबलेत" म्हणायचं म्हणजे त्याच्या वडिलांनाच "आटपा आता" म्हटल्यासारखं. तरी सूचना आल्या. एकाला बापानं मुस्काटात मारायला हवी होती, दुसऱ्याला फ्लॅशबॅक, तिसऱ्याला मुलगा पळून जायला हवा. अशा सूचना बहुतेक टाकाऊच असतात, पण बोट ठेवतात ती जागा सहसा बरोबर असते. युजर सांगतो, "सेव्हचं बटण बिघडलंय." बटण ठणठणीत असतं, पण त्याचा डेटा खरंच कुठेतरी हरवलेला असतो. इथे तिघांचंही बोट दुसऱ्या पानावर होतं, बाप बोलत सुटतो तिथे.

नगरात पटकथेवर गप्पा आणि 'फँड्री' निघाला नाही असं होत नाही. नागराज मंजुळे इथल्याच कॉलेजात शिकले, त्यामुळे आम्हाला तो घरचाच वाटतो. नाटकवाल्यानं राष्ट्रगीताचा प्रसंग काढला. डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. कुणी काही बोलत नाही.

तेव्हा बाईंनी विचारलं, "ते उचलीचे पैसे या वेळी आहेत कुठे?"

मित्रानं नियम मोडला. "आईजवळ. ती चुलीपाशी मोजत बसलेली." कुणी त्याला टोकलं नाही. दोन पानांत आई नव्हतीच.

पुढच्या महिन्यात त्यानं नवा खर्डा आणला, पाऊण पानाचा. बाप आणि मुकादम अंगणात पावसापाण्याचं बोलतायत. आई शंभराच्या नोटा विसाविसाच्या थप्प्या लावून मोजतेय, ओठ हलतायत. मुलगा दारात उभा. तो एवढंच विचारतो, "मी पण यायचं का?" आईची मोजणी चुकते. ती सगळ्या नोटा गोळा करते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.

वाचणाऱ्याचाच आवाज जरा बसला. मग नेहमीप्रमाणे भांडण. मोजणी पूर्ण झालेली दाखवायची की नाही? बाई म्हणतात दाखवा, पैसे घेतले की जाणं आलंच, प्रेक्षकाला ते कळू दे. नाटकवाला म्हणतो मध्येच तोडा. मी बाईंच्या बाजूनं आहे. पण मग आकडा ऐकू यायला हवा, आणि रक्कम नक्की किती होती हे मित्राला आठवत नाही. दिवाळीला गावी गेल्यावर आईला विचारतो म्हणालाय.