विन्सेंट गोखकर

शाळेच्या कामात जून महिना हा आडनावांचा महिना. प्रवेशासाठी आलेल्या पालकांच्या हातात जन्मदाखला, रेशन कार्ड आणि आधार कार्ड असे तीन कागद असतात आणि एकाच पोराचे आडनाव त्या तिन्ही कागदांवर तीन परीने लिहिलेले असते. येळ्ळूरकराचा येळूरकर झालेला असतो, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगातून परत येताना तो यल्लुरकर होतो. सीमाभागातल्या मुख्याध्यापकाला याचे नवल राहत नाही. परंतु तीस वर्षे रजिस्टरे भरता भरता आडनाव या प्रकाराविषयी माझ्या मनात एक कुतूहल मात्र घर करून बसले आहे. आडनाव येते कुठून, टिकते कशाने आणि संपते कसे?

या कुतूहलाला एक वेगळेच निमित्त मिळाले. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी शाळेच्या व्हरांड्यात सूर्यफुलांच्या त्या सुप्रसिद्ध चित्राची छापील प्रत लावली आणि खाली चित्रकाराचे नाव कसे लिहावे, असे मला विचारले. मराठी पुस्तकांत ‘व्हॅन गॉग’ आणि ‘व्हॅन गॉघ’ अशी दोन्ही रूपे सापडली. इंग्रजीच्या शिक्षकांनी ‘व्हॅन गो’ असे सांगितले. डच लोक स्वतः मात्र साधारण ‘फान खोख’ असे म्हणतात. गंमत अशी की, या घोळाची कल्पना खुद्द चित्रकारालाच होती. फ्रान्समध्ये असताना १८८८ साली त्याने भावाला पत्रात कळवले की, प्रदर्शनाच्या यादीत माझे नाव नुसते विन्सेंट असे छापावे, कारण इथल्या लोकांना आमच्या आडनावाचा उच्चार जमत नाही. चित्रांवरही तो ‘विन्सेंट’ एवढीच सही करी. आज साऱ्या जगाला ठाऊक असलेले ते आडनाव त्या माणसाने स्वतः खुंटीला टांगून ठेवले होते!

मग त्या आडनावाचा अर्थ शोधला आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. डच भाषेतले ‘फान’ म्हणजे ‘चा’, ‘कडचा’. गोख हे ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातले एक लहान शहर. तेव्हा फान खोख म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचे तर, गोखकर.

आता ‘कर’ लावणाऱ्या आडनावांची एक खूण आपण सारेच जाणतो. गावात राहणाऱ्याला गावाचे आडनाव सहसा लागत नाही. बेळगावकर पुण्याला भेटतात, हुक्केरीकर बेळगावात भेटतात. माणसाने गाव सोडले की गाव त्याच्या नावाला येऊन चिकटते. डचांचेही तेच. त्यांच्यातले ‘दे फ्रीस’ हे फार मोठ्या संख्येने आढळणारे आडनाव. त्याचा अर्थ फ्रीसलंडचा माणूस. हे नाव मुळात पडले ते फ्रीसलंड सोडून बाहेर गेलेल्यांना; तिथे घरी बसलेल्या सगळ्याच फ्रीसलंडकरांना कोण कशाला तसे म्हणेल? फ्रीसलंड हा नेदरलँड्समधला द्विभाषिक प्रांत, त्याची स्वतःची फ्रिसियन भाषा आहे. तिथल्या पुष्कळ आडनावांच्या शेवटी ‘स्त्रा’ येते आणि त्याचाही अर्थ ‘तिथे राहणारा’ असाच. डाइकस्त्रा म्हणजे बांधावर राहणारा, टेर्पस्त्रा म्हणजे पुरापासून बचावासाठी रचलेल्या उंचवट्यावर राहणारा. समुद्राशी झगडून जमीन मिळवणाऱ्या लोकांनी आपले बांध आणि उंचवटे आडनावांत जपले.

गोख शहराची कथा सीमेवरच्या माणसाला अधिक जवळची वाटेल. मध्ययुगात ते गेल्डर्सच्या सरदारीत मोडत असे. त्या सरदारीचा मोठा भाग आज नेदरलँड्समध्ये आहे. पुढे ते क्लेव्हच्या राज्यात गेले, नंतर प्रशियाकडे. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली व्हिएन्ना येथे युरोपचे नकाशे नव्याने आखले गेले, तेव्हा या टापूत प्रशियाची हद्द मास नदीपासून दूर ठेवायचे ठरले. किती दूर, तर तोफेचा गोळा पोचणार नाही इतकी! त्या रेषेच्या पलीकडे गोख राहिले आणि आज ते जर्मनीत आहे. शहर एका देशात, त्याचे आडनाव दुसऱ्या देशात. विन्सेंटचा जन्म १८५३ सालचा, झुंडर्ट या गावचा, आणि तेही गाव बेल्जियमच्या हद्दीला लागून. नेदरलँड्समध्ये याद्या करताना ‘फान’ वगळतात, म्हणून हजेरीपटात तो ‘ग’ मध्ये येईल. झुंडर्टहून थोडे चालत जाऊन बेल्जियममधल्या शाळेत त्याचे नाव घातले, तर ‘फान’सकट लावतील आणि तो पार शेवटच्या अक्षरांत जाऊन बसेल. माणूस तोच, अंतर दोनचार मैलांचे. हजेरीतला नंबर मात्र पार बदलला.

हे आडनाव जगप्रसिद्ध असले तरी नेदरलँड्समध्ये ते विरळच. तिथे आडनावांची शिरगणती मोठ्या निगुतीने झालेली आहे. ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटच्या संग्रहात १९४७ च्या जनगणनेतले आणि २००७ च्या लोकसंख्या-नोंदींतले आकडे नावानिशी पाहता येतात. पाचपेक्षा कमी माणसे ज्या आडनावाची असतील, त्यांचा नेमका आकडा तिथे उघड करीत नाहीत. २००७ साली सुमारे एक कोटी चौसष्ट लाख लोकांत तीन लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावे होती. पहिल्या क्रमांकावर ‘दे योंग’, म्हणजे धाकटा. सुमारे चौऱ्याऐंशी हजार माणसे. सर्वांत मोठ्या आडनावालाही दोनशे माणसांमागे एकच धनी मिळतो. म्हणजे उरलेली गर्दी आहे ती विरळ आणि अतिविरळ नावांचीच.

इतकी विरळ नावे आली कुठून? लोक याचे खापर नेपोलियनवर फोडतात. हॉलंड त्याच्या साम्राज्यात सामील झाल्यावर १८ ऑगस्ट १८११ च्या हुकुमाने, ज्यांना कायम आडनाव नव्हते त्यांना ते घेऊन सरकारदरबारी नोंदवणे भाग पडले. त्यावर तिकडे एक आवडती दंतकथा आहे. लोकांना वाटले, हा फ्रेंच अंमल चार दिवसांचा, म्हणून त्यांनी थट्टेने वेडीवाकडी नावे नोंदवली आणि ती पुढच्या पिढ्यांच्या बोकांडी बसली. उदाहरण देतात ते ‘नाक्तखेबोरन’ या आडनावाचे. डच भाषेत त्याचा अर्थ होतो ‘नागडा जन्मलेला’! परंतु अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे. हे नाव बहुधा जर्मन ‘नाखगेबोरन’चा अपभ्रंश, आणि त्याचा अर्थ, बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेले मूल. सीमा ओलांडताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले आणि एका पोरक्या लेकराचे दुःख लोकांच्या विनोदाचा विषय झाले. शिवाय १८११ पूर्वीच असंख्य डच घराण्यांना आडनावे होती. गोखकरांनाही ती कितीतरी आधीपासून होती. सरकारने केले ते एवढेच की, वाहते पाणी गोठवले. तोवर बदलत असलेली नावे त्या दिवशी कारकुनाने जशी लिहिली तशी कायम झाली, आणि एकाच नावाच्या चार लेखनांतून चार आडनावे निघाली.

नावे विरळ होण्याचे दुसरे कारण मात्र कोणत्याही राजाच्या हाती नाही. ते गणिताच्या हाती आहे. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन याने १८७३ साली जाहीर प्रश्न टाकला. नामांकित घराण्यांची आडनावे लोप पावतात, ती घराणी खचली म्हणून की निव्वळ योगायोगाच्या खेळाने? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने त्याचे गणित मांडले. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा पक्का ठरला. मुलग्यांकरवीच चालणारे आडनाव कोणाचाही दोष नसताना संपू शकते, आणि दर पिढीला पुरुषामागे सरासरी एकच मुलगा असेल तर ते कधी ना कधी संपतेच.

मी हे नववीच्या वर्गात एका मोकळ्या तासाला करून पाहिले. चाळीस मुले, प्रत्येकाचे आडनाव म्हणजे एक मूळपुरुष. प्रत्येक पुरुषासाठी दोन नाणी उडवायची, जितके छाप तितके मुलगे. कधी दोन, कधी एक, कधी शून्य. सरासरी बरोबर एक. हिशेबाने पाचव्या पिढीअखेर शंभरातली साठ आडनावे बुडायला हवीत. आमच्या वर्गात चाळीसपैकी सतरा उरली. पुरुषांची एकूण संख्या मात्र अडतीस, जवळजवळ होती तेवढीच. कुणी मेले नव्हते, कुणी गाव सोडले नव्हते, कसली साथ आली नव्हती. फळ्यावरची तेवीस नावे मात्र पुसली गेली होती. पहिल्याच फेरीत जिचे आडनाव बुडाले ती एक मुलगी फणकाऱ्याने उभी राहिली आणि म्हणाली, “ओ सर, मुलगी झाली तर नाव मेलं म्हणायचं काय? तिला मोजायचंच न्हाई?”

या प्रश्नाला गॉल्टनच्या गणितात उत्तर नाही. विन्सेंटच्या घरात मात्र आहे.

पाद्री थिओडोरस फान खोख यांचे तीन मुलगे मोठे झाले. थोरला विन्सेंट जुलै १८९० मध्ये गेला, मागे अपत्य नाही. धाकटा कोर १९०० साली दक्षिण आफ्रिकेत गेला, त्यालाही अपत्य नाही. मधल्या थिओला ३१ जानेवारी १८९० रोजी मुलगा झाला आणि त्याचे नाव काकाचेच ठेवले. फुललेल्या बदामाच्या फांद्यांचे ते निळे चित्र विन्सेंटने याच बाळासाठी काढले. एक वर्ष पुरे व्हायच्या आत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही गेला. तीन भावांपैकी एकाचेच नाणे छाप पडले होते, तेही एकदाच. त्या घरचे आडनाव आता वर्षाच्याही आतल्या एका पोरक्या मुलाच्या बळावर उभे होते.

ते मूल होते अठ्ठावीस वर्षांच्या आईच्या कडेवर. तिचे नाव योहाना, माहेरचे आडनाव बोंगर. तिच्यापाशी कुणी फारसे विकत न घेतलेली शेकडो चित्रे आणि दोघा भावांच्या पत्रांची रास होती. तिने बुसुम या गावी पाहुणे ठेवून घर चालवले, चित्रे प्रदर्शनांतून लोकांपुढे आणली, पत्रे वाचून लावली आणि १९१४ साली ती छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी तिने नवऱ्याच्या अस्थी फ्रान्समधल्या ओव्हेर गावी नेऊन भावाच्या शेजारी ठेवल्या. १९२४ साली सूर्यफुलांचे एक चित्र तिने लंडनच्या नॅशनल गॅलरीला विकले. पुढच्या वर्षी ती गेली. मुलाने तोच वसा चालवला. तो इंजिनिअर झाला आणि त्याच्याच पुढाकाराने चित्रांसाठी विश्वस्त संस्था व १९७३ साली ॲमस्टरडॅमचे संग्रहालय उभे राहिले.

वंशावळीच्या तक्त्यात योहानापासून कोणतीही रेघ पुढे जात नाही. आडनावांच्या शिरगणतीत ती बोंगरांकडून वजा झाली आणि गोखकरांकडे फक्त सून म्हणून आली. पण ज्या आडनावाचा उच्चार कुणाला जमत नाही म्हणून त्याच्या धन्यानेच ते चित्रावर घातले नाही, ते साऱ्या जगाच्या तोंडी बसवले या बाईने. मी वर्गात हे सारे सांगितले. ती मुलगी म्हणाली, “मग सर, तिचं आडनाव कुठं गेलं?”

डचांनी या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना दिले आहे. १ जानेवारी १९९८ पासून तिथे मुलाला आईचे की बापाचे आडनाव लावायचे, हे आईबाप ठरवू शकतात. १ जानेवारी २०२४ पासून दोन्ही आडनावे एकत्र लावण्याचीही मुभा आहे. बदामाची फुले ज्याच्यासाठी रंगवली ते बाळ आज जन्मले असते, तर नोंदणी करणाऱ्या कारकुनाने विचारले असते, बोलवायचे कोणत्या आडनावाने? आणि त्या दोघांनी म्हटले असते तर रजिस्टरात लिहिले गेले असते, विन्सेंट विल्लेम फान खोख बोंगर.