ढिला जोड

कॉलेज सुटल्यावर मी संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. मीच बसवलेले एक ग्राफिक्स कार्ड परवा परत आले. विजेचा प्लग वितळलेला! २०२२ मध्ये आलेल्या या १६ पिनांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाते. १२ व्होल्टला म्हणजे ५० अँपिअर! प्लग जरा बाहेर राहिला तरी तापून वितळू शकतो. म्हणून २०२३ च्या सुधारित जोडणीत संकेताच्या चार पिना आखूड केल्या. प्लग पुरता बसल्याशिवाय कार्ड वीज ओढत नाही. हे कार्ड मात्र जुन्या जोडणीचे. आणि घाईत शेवटचा दाब द्यायचा माझ्याकडून राहिला होता.

अण्णा वायरमन, चौथी शिकलेले. म्हणाले, "जोड ढिला राहिला की तापणारच. मालकाला खरं सांग."

सांगितले. पगार कापला जाईल. पण त्या रात्री शांत झोप लागली.